लंडनमधील निळे फलक कसे घडतात? पहिल्या माहितीपटाच्या आराखड्यावर सूचना हव्यात

टेम्सकाठची (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहते आणि सायंकाळच्या वर्गात माहितीपटनिर्मिती शिकते. अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने साधारण वीस मिनिटांचा माहितीपट करायचा असतो. मी जो विषय निवडला आहे, तो या शहरात चालताना रोज नजरेस पडतो. अमुक व्यक्ती येथे राहत होती, असे सांगणारे जे निळे गोल फलक घरांच्या भिंतींवर असतात, ते नेमके कसे तयार होतात, हे मला दाखवायचे आहे. फलकावरील व्यक्तीचे चरित्र सांगण्याचा हेतू नाही; फलक भिंतीपर्यंत कसा पोहोचतो, एवढ्यावरच लक्ष ठेवायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. विल्यम इवर्ट या खासदारांनी १८६३ साली संसदेत ही कल्पना मांडली, १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने ती हाती घेतली आणि १८६७ मध्ये होल्स स्ट्रीटवरील कवी बायरनच्या जन्मस्थानावर पहिला फलक लागला. ते घर १८८९ मध्ये पाडले गेले आणि फलकही गेला. आज टिकून असलेला सर्वांत जुना फलक, हाही १८६७ चाच, फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा आहे. गंमत अशी, की तो लागला तेव्हा खुद्द नेपोलियन हयात होता. आजच्या नियमांत हे बसलेच नसते. पुढे १९०१ मध्ये हे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे, १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलकडे आणि १९८६ मध्ये वारसा जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आले.

सध्याची पद्धत थोडक्यात अशी. कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो. त्या व्यक्तीच्या निधनाला किमान वीस वर्षे झालेली असावीत आणि ती जिथे राहिली किंवा काम करत होती, ती लंडनमधील इमारत ओळखता येईल अशा स्थितीत उभी असावी. तज्ज्ञांचे मंडळ नावांची निवड करते, इतिहासकार पत्त्याची छाननी करतात, घरमालकाची संमती घेतली जाते, मजकूर ठरतो, फलक घडवला जातो, भिंतीत बसवला जातो आणि शेवटी छोटासा पडदा ओढून त्याचे अनावरण होते. या सगळ्याला दोन-तीन वर्षे सहज लागतात.

माझ्या अडचणी येथूनच सुरू होतात. अभ्यासक्रम संपायला इतका अवधी नाही, त्यामुळे एकाच फलकाचा आरंभापासून अनावरणापर्यंत पाठपुरावा करणे शक्य नाही. शिवाय या प्रक्रियेचा निम्म्याहून अधिक भाग कागदावर आणि बैठकीच्या खोलीत घडतो, तो पडद्यावर दाखवायचा कसा, हे कळत नाही. हॉली प्लेसवरील लोकमान्य टिळकांचे घर, क्रॉमवेल अव्हेन्यूवरील सावरकरांचे इंडिया हाउस आणि किंग हेन्रीज रोडवरील डॉ. आंबेडकरांचे घर, ही तीन घरे माहितीपटात घ्यावीत अशी ओढ आहे. मात्र त्यांमुळे विषय फलकांवरून माणसांवर घसरेल, अशी धास्तीही वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मत द्यावे.

---

जुना दफ्तरदार

विषय उत्तम आहे, आणि आपण ज्याला अडचण म्हणता ते कागदच माझ्या मते या माहितीपटाचा गाभा आहेत. मी आयुष्यभर अभिलेखागारात काम केले आहे, तेव्हा हा पक्षपात समजून घ्यावा.

फलकाचा खरा प्रश्न ही व्यक्ती थोर होती का, हा नसतो. त्यावर मंडळात वाद होऊन निकाल लागतो. खरा प्रश्न असतो तो ती व्यक्ती याच घरात राहत होती का आणि आज दिसते आहे ते घर तेच आहे का, हा. पत्रावर ‘१० अमुक रस्ता’ असे लिहिलेले असले, तरी त्यानंतरच्या काळात लंडनमधील असंख्य रस्त्यांची नावे बदलली, घरांचे क्रमांक नव्याने लावले गेले, आणि काही ठिकाणी विषम क्रमांक एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला अशी पुनर्रचना झाली. म्हणून संशोधकाला जुने नकाशे, करवसुलीच्या वह्या, टपाल खात्याच्या निर्देशिका, मतदारयाद्या आणि जनगणनेचे तक्ते एकमेकांसमोर ठेवून एकच घर वेगवेगळ्या वर्षांत कोणत्या क्रमांकाने ओळखले जात होते, हे सिद्ध करावे लागते.

त्यानंतर येते दुसरे महायुद्ध. काउंटी कौन्सिलने बॉम्बहल्ल्यांत झालेल्या हानीचे नकाशे हाताने रंगवून घेतले होते. पूर्ण नष्ट झालेल्या इमारती त्यांत काळ्या रंगात आहेत आणि हानीच्या प्रमाणानुसार इतर रंग उतरत जातात. हे नकाशे लंडनच्या अभिलेखागारात आहेत. आपल्या माहितीपटासाठी याहून बोलके दृश्य क्वचितच मिळेल: एका बोटाखाली रस्ता, त्या रस्त्यावर काळा पडलेला एक घराचा ठिपका, आणि त्यापुढे तोच पत्ता आज कसा दिसतो याचे चित्रण. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांपैकी एक अस्सल आणि दुसरे युद्धानंतर जुन्या धाटणीत बांधलेले असू शकते, आणि पादचाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

आपण जी तीन घरे सांगितलीत, ती तर या दृष्टीने फार मोलाची आहेत. ब्रिटनमध्ये जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले आणि मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. म्हणजे १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांच्या मधल्या फटीत त्यांचे सारे वास्तव्य सामावते. टिळक चिरोल खटल्यासाठी, म्हणजे ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी भरलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी, १९१८ च्या उत्तरार्धात आले आणि १९१९ अखेर परतले. तेही १९११ आणि १९२१ यांच्या मध्ये. या दोघांच्या बाबतीत जनगणना काहीच साक्ष देत नाही. मग पुरावा कुठला? पत्रव्यवहार, वृत्तपत्रे, आणि ज्यांनी त्यांच्यावर पाळत ठेवली त्या सरकारी यंत्रणेचे अहवाल, जे आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरांत अभ्यासकांना पाहता येतात. ज्या सरकारने या माणसांच्या हालचाली संशयाने टिपल्या, त्याच सरकारच्या नोंदी आज त्यांच्या वास्तव्याच्या पुराव्यासाठी उघडाव्या लागतात, हा विरोधाभास निवेदनात एका वाक्यात सांगितला तरी पुरेसा आहे.

डॉ. आंबेडकरांची गोष्ट वेगळी. किंग हेन्रीज रोडवरील त्यांचे वास्तव्य १९२१-२२ चे मानले जाते आणि १९२१ ची जनगणना १९ जून रोजी झाली. तिचे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले आहेत. तक्त्यात काय आहे ते आपण स्वतः कॅमेऱ्यासमोर शोधावे. सापडले तरी ते दृश्य, नाही सापडले तरी ते दृश्यच.

---

मृण्मय

मी कुंभारकाम करतो, म्हणजे हौशी नव्हे, पोटापाण्यासाठी. फलक ‘घडवला जातो’ एवढे लिहून आपण पुढे गेलात, म्हणून हा प्रतिसाद.

इंग्लिश हेरिटेजचे फलक गेली कित्येक वर्षे कॉर्नवॉलमधील एका कुटुंबाच्या कार्यशाळेत हाताने तयार होतात. फलकाचा व्यास ४९५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ५० मिलिमीटर असते. एवढी जाड चकती भाजणे सोपे नाही. माती साच्यातून काढल्यावर ती सावकाश वाळवावी लागते. कडा आधी वाळल्या आणि मधला भाग ओला राहिला, तर चकती वाकते किंवा तडकते. वाळताना आणि भाजताना माती आकसते, त्यामुळे साचा आणि अक्षरे दोन्ही अंतिम मापापेक्षा मोठी धरावी लागतात.

अक्षरांचे काम पाहण्यासारखे आहे. अक्षरांच्या कडा पातळ मातीच्या बारीक उंचवट्याने हाताने आखतात. मेंदीच्या कोनातून रेघ सोडावी तशी ती मातीची धार अक्षराभोवती फिरते. मग त्या बंधाऱ्याच्या आत पांढरी आणि बाहेर निळी झिलई भरली जाते, आणि भट्टीत दोन्ही वितळल्या तरी एकमेकींत मिसळत नाहीत. भाजण्यापूर्वी ती निळी झिलई निळी दिसतच नाही, फिकट असते. भट्टी उघडल्यावर रंग प्रथमच दिसतो. आपल्याला दृश्य हवे असेल, तर ते हे आहे. भट्टी चालू असताना आत कॅमेरा नेता येत नाही, पण भरण्याचे आणि उघडण्याचे चित्रण शांतपणे करता येते. कार्यशाळेला आधी पत्र लिहून परवानगी मागा, आणि भट्टी उघडण्याचा दिवस त्यांना ठरवू द्या. भट्टी थंड होण्याआधी उघडा, अशी विनंती कधीही करू नका.

आणखी दोन बारकावे. फलकाचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित फुगीर असतो, त्यामुळे पावसाचे पाणी घाण धुऊन नेते. आणि हे फलक सुरुवातीपासून निळेच होते असेही नाही: सोसायटी ऑफ आर्ट्सच्या काळात निळा रंग महाग पडत असल्यामुळे बरेचसे फलक चॉकलेटी तपकिरी केले गेले. पुढे कौन्सिलने ब्राँझ, शिसे आणि दगड यांचेही फलक लावले. आज आपण पाहतो तो साधा, कोरीव महिरप नसलेला आराखडा १९३८ मध्ये सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या एका विद्यार्थ्याने केला. त्याला चार गिनी मिळाल्या, पण त्याचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. इतरांची नावे भिंतीवर कोरणाऱ्या योजनेत हे घडावे, याची मला कारागीर म्हणून चीड येते.

---

शिवनेरकर

विषय चांगला आहे, पण लोकमान्यांच्या घरासमोर उभे राहून त्यांचे कार्य सांगायचे नाही, हे मनाला पटत नाही. प्रेक्षकाला चिरोल खटला ठाऊक नसेल, तर त्या घराचे महत्त्व त्याला कसे कळणार? माझ्या मते प्रत्येक घरासाठी किमान पाच मिनिटांचे चरित्र द्यावे.

---

टेम्सकाठची

शिवनेरकर, आपली भावना समजते. मात्र तीन घरांची पंधरा मिनिटे चरित्राला दिली, तर फलकासाठी उरणाऱ्या पाच मिनिटांत पुन्हा ‘नाव सुचवले, मंजूर झाले, लागला’ एवढेच सांगता येईल. टिळकांवर अभ्यासपूर्ण लेखन विपुल आहे. त्यांच्या घरावरील चकती भिंतीत कशी बसवली गेली, यावर मला काहीच मिळाले नाही. चिरोल खटल्याचा उल्लेख टिळक त्या घरात का आले होते, हे सांगण्यापुरता निश्चितच ठेवीन.

दफ्तरदारसाहेब, जनगणनेच्या फटीचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. माहितीपटाचा मधला भाग त्यावर उभा राहू शकतो असे वाटते.

---

कात्रीवाला

मी संकलक आहे. पहिल्या माहितीपटात बहुतेक जण एकच माणूस किंवा एकच वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत दाखवण्याचा हट्ट धरतात, कारण गोष्ट अशीच सांगायची असते असे वर्गात शिकवले जाते. आपल्या विषयात तो हट्ट सोडावा. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा फलक घ्या. एका नावाचा प्रस्ताव तयार होताना दाखवा, दुसऱ्या पत्त्याची छाननी दाखवा, तिसऱ्या फलकाची भट्टी दाखवा, चौथा भिंतीत बसताना दाखवा. प्रेक्षकाला प्रत्येक वेळी नवे नाव आल्याने गोंधळ होणार नाही, कारण वस्तूचा आकार, रंग आणि माप तेच राहते. तोच आपला नायक.

अनावरणाचा पडदा शक्यतो वगळावा, किंवा काही सेकंदांतच संपवावा. सगळ्या बातम्यांत तेच दिसते: टाळ्या, दोरी, भाषण. त्याऐवजी फलक बसवण्याचा दिवस मिळवा. परांचीवर उभा असलेला गवंडी भिंतीतील विटा गोलाकार कोरून फलकासाठी जागा करतो, फलक सरळ आहे ना ते पाणसळीने तपासतो, चुना-सिमेंटच्या मसाल्यात तो भिंतीशी समतल बसवतो, आणि कडेचा सांधा बोटाने पुसतो. या कामात आवाज फार सुंदर मिळतो. स्वतंत्र ध्वनिमुद्रक घेऊन जा; कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका, कारण लंडनच्या रस्त्यावर बसचा आवाज सगळे गिळून टाकतो.

आणि मुलाखती कमी ठेवा. इतिहासकाराला खुर्चीत बसवून ‘आम्ही पत्ता कसा शोधतो’ असे विचारण्यापेक्षा त्यांच्यासमोर निर्देशिका उघडी असताना त्यांना शोधू द्या आणि आपण गप्प राहा. माणूस कामात असताना जे बोलतो, ते खुर्चीत बसून बोलत नाही.

---

पेठेतला

थोडे अवांतर होईल, पण जोडून सांगतो. पुण्याच्या पेठांतही जुन्या वाड्यांवर निळे फलक दिसतात. आमच्याकडे फलक टिकतो आणि वाडा जातो. मग नव्या इमारतीच्या पार्किंगच्या खांबावर तो फलक पुन्हा लावलेला आढळतो. लंडनच्या फलकामुळे इमारतीला कायद्याचे संरक्षण मिळते का, हे आपण माहितीपटात स्पष्ट करावे. बहुतेकांचा समज तसाच असतो.

---

जुना दफ्तरदार

पेठेतला, मिळत नाही. निळा फलक हा केवळ गौरव आहे. वारसा म्हणून इमारतीची यादीत नोंद होणे ही स्वतंत्र, कायदेशीर प्रक्रिया आहे. बायरनच्या घराचे उदाहरण धागालेखिकेने वर दिलेच आहे. उलट, यादीतील इमारतीवर फलक लावायचा असेल, तर त्यासाठी वेगळी कायदेशीर परवानगी घ्यावी लागते.

फलक कायमचा टिकतोच असेही नाही. कार्ल मार्क्सचा पहिला फलक १९३५ मध्ये मेटलंड पार्क रोडवर लागला. त्याची मोडतोड झाली, पुन्हा लावला, पुन्हा मोडला, आणि शेवटी १९६७ मध्ये सोहो भागात डीन स्ट्रीटवर नवा फलक लावण्यात आला. भिंतीवर नाव असणे सगळ्यांनाच मान्य असते असे नाही, हे सांगण्यासाठी हा प्रसंग उपयोगी पडेल.

---

वाटाड्या

मी लंडनमध्ये छोट्या चित्रीकरणांचे व्यवस्थापन पाहतो, तेव्हा व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

सार्वजनिक रस्त्यावरून घराचा दर्शनी भाग चित्रित करण्यास स्वामित्वहक्काचा अडथळा येत नाही. मात्र पदपथावर ट्रायपॉड किंवा दिवे लावायचे असतील, तर त्या त्या बरोच्या (लंडनमधील स्थानिक प्रशासन विभागाच्या) चित्रीकरण विभागाला आधी कळवणे आवश्यक आहे. आपली तीन घरे एकाच बरोत नाहीत, तेव्हा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा लागेल. ही राहती घरे आहेत, हे कधीही विसरू नये. खिडकीत माणूस दिसला, दारावर नामपाटी दिसली, गाडीचा क्रमांक दिसला, तर तो भाग वगळावा. जे कॅमेऱ्यासमोर बोलतील, त्या प्रत्येकाकडून बोलण्याआधी संमतिपत्रावर सही घ्यावी. नंतर घेऊ म्हटले की माणूस सापडत नाही.

संमतीचा विषय निघालाच आहे, तर तो माहितीपटातही घ्या. लंडनमध्ये एका घराचे स्वामित्व एकाकडे, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दुसऱ्याकडे, आणि प्रत्यक्ष राहणारा तिसराच, असे सर्रास असते. यांपैकी एकाने नकार दिला की मंडळाने मंजूर केलेले नावही अडकते. काही मालकांना फलकाचा अभिमान वाटतो, तर काहींना दारासमोर थांबणाऱ्या पर्यटकांची भीती वाटते. दुसऱ्या प्रकारचा मालक कॅमेऱ्यासमोर येणार नाही, हे उघड आहे, पण त्याची बाजू निवेदनातून न्याय्यपणे मांडता येईल.

चित्रणाबद्दल: फलक बहुधा पहिल्या मजल्याच्या आसपास असतात. खालून वर कॅमेरा केला, तर गोल चकती लंबगोल दिसते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन लांब पल्ल्याचे भिंग वापरा. झिलई चकाकते आणि फुगीर पृष्ठभागावर आकाशाचे प्रतिबिंब पडते, म्हणून ध्रुवीकरण गाळणी (पोलरायझिंग फिल्टर) जवळ असू द्या. ढगाळ दिवस सर्वांत चांगला, आणि तो लंडनमध्ये मागण्याची गरज पडत नाही.

---

अनुराधा_सांगली

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट खटकते. तीन घरे, तिन्ही पुरुषांची. लंडनच्या एकूण निळ्या फलकांत स्त्रियांचे प्रमाण साधारण १४-१५ टक्केच आहे, ही बाब इंग्लिश हेरिटेजनेच अनेकदा मांडली आहे आणि स्त्रियांची नावे सुचवा असे आवाहनही केले आहे. भारतीय वंशाच्या स्त्रीला पहिला फलक मिळाला तो २०२० मध्ये, नूर इनायत खान यांना, ब्लूम्सबरीतील टॅव्हिटन स्ट्रीटवर. माहितीपट ‘फलक कसा तयार होतो’ यावर असेल, तर कोणाचा तयार होत नाही, हेही त्याच प्रक्रियेत दिसायला हवे.

माझी सूचना अशी: प्रस्तावाचा टप्पा दाखवण्यासाठी दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव शोधत बसू नका. आपणच एक प्रस्ताव तयार करा. डॉ. रखमाबाई यांचे नाव घेऊन पाहा. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, स्त्रियांसाठीच्या लंडन वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, परतल्यावर सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ काम केले, आणि १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. वीस वर्षांची अट केव्हाच पूर्ण झाली आहे. आधी अधिकृत यादीत नाव नाही ना, एवढे तपासून घ्या.

पंडिता रमाबाईंचाही विचार मनात आला होता, पण त्यांचे इंग्लंडमधील वास्तव्य प्रामुख्याने वाँटेज आणि चेल्टनहॅम येथे होते, आणि लंडनची योजना लंडनपुरतीच आहे. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वेगळ्या संस्थेने उर्वरित इंग्लंडसाठी राष्ट्रीय योजना सुरू केली असून तिचा एक फलक मे २०२४ मध्ये लिव्हरपूल येथे जॉर्ज हॅरिसन यांच्या जन्मघरावर लागला. रमाबाईंसाठी तो मार्ग असू शकतो, पण तो आपला विषय नव्हे.

---

जुना दफ्तरदार

अनुराधाताई, सूचना फार आवडली, आणि तिच्यात एक योग दडलेला आहे. टिळक आणि सावरकर जनगणनांच्या फटीत सापडले, पण रखमाबाईंच्या वास्तव्यात ५ एप्रिल १८९१ ची जनगणना येते. तेव्हा शोध तिथूनच सुरू करा. नावाची नोंद इंग्रज लेखनिकाने ऐकून केलेली असणार; म्हणून ‘रखमाबाई’ या नावाची जितकी रोमन रूपे आपल्याला सुचतील, तितकी सगळी शोधा. आडनावाच्या रकान्यात काय लिहिले असेल याचा अंदाज बांधू नका, त्याऐवजी जन्मस्थान ‘भारत’ आणि व्यवसाय ‘वैद्यकीय विद्यार्थिनी’ या दोन गोष्टींवर चाळणी लावा. विद्यालयाच्या प्रवेशनोंदी हा दुसरा मार्ग आहे.

पत्ता मिळाला, तर तो आजच्या नकाशावर आणायचा, मग बॉम्बहानीच्या नकाशावर पाहायचा, आणि मग तिथे जाऊन उभे राहायचे. घर उभे नसेल, तर प्रस्ताव तिथेच संपतो. कर्तृत्व कितीही मोठे असले तरी भिंत नसेल, तर फलक नाही. जुन्या काळी नष्ट झालेल्या घरांच्या जागेवरही फलक लावले जात, आता अस्सल इमारतीचा आग्रह आहे.

---

नियमावली

चर्चेत नियमांचा उल्लेख आला, म्हणून भर घालतो, कारण नियम काळानुसार बदलत गेले आहेत आणि माहितीपटात ते एकाच ओळीत सांगितले तर चुकीचे ठरेल. सावरकरांचे निधन फेब्रुवारी १९६६ मध्ये झाले आणि इंडिया हाउसवरील फलक ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८५ मध्ये लावला. वीस वर्षे पूर्ण झाली नव्हती. त्या काळी मृत्यूनंतर वीस वर्षे किंवा जन्मशताब्दी, यांपैकी जे आधी येईल ते चालत असे, आणि सावरकरांची जन्मशताब्दी १९८३ मध्ये झाली होती. एका व्यक्तीला एकच फलक, हाही आजचा नियम; गांधीजींचे मात्र दोन आहेत, एक बो भागातील किंग्जली हॉलवर १९५४ चा आणि दुसरा बॅरन्स कोर्ट रोडवर १९८६ चा.

मजकुराबद्दल एक निरीक्षण. हॉली प्लेसवरचा टिळकांचा फलक १९६१ मध्ये काउंटी कौन्सिलने लावला. त्यावर त्यांचे वर्णन ‘भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ’ असे आहे, आणि चोवीस वर्षांनी लागलेल्या सावरकरांच्या फलकावर अगदी तेच शब्द आहेत. दोन अत्यंत भिन्न वृत्तींच्या माणसांना एकच विशेषण लागावे, हे मला तरी मजकूर ठरवणाऱ्यांच्या सावधपणाचे लक्षण वाटते. एवढ्याशा चकतीवर नाव, सालं आणि वास्तव्याचा काळ लिहिल्यावर व्यक्तीसाठी तीन-चार शब्दच उरतात. त्या शब्दांवर किती खल होतो, हे दाखवता आले तर दाखवा. लंडनच्या पेंज भागातील दादाभाई नौरोजींच्या फलकावर, जो ऑगस्ट २०२२ मध्ये लागला, ‘भारतीय राष्ट्रवादी आणि संसद सदस्य’ असे आहे; तिथे वर्णन कसे नेमके होते, तेही पाहावे.

आणि आंबेडकरांच्या घराबाबत सावध राहावे. निळा आणि गोल दिसला म्हणून प्रत्येक फलक इंग्लिश हेरिटेजचा किंवा तिच्या पूर्वसूरींचा नसतो. बरो, स्थानिक मंडळे आणि खाजगी संस्थाही तसेच फलक लावतात. फलकाच्या वरच्या कडेला लावणाऱ्या संस्थेचे नाव पाहा आणि अधिकृत यादीशी ताडून मगच निवेदन लिहा. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि संग्रहालयाच्या परवानगीचा वाद २०२० मध्ये मिटला, हा वेगळाच इतिहास आहे. तो या वीस मिनिटांत कोंबू नये.

---

टेम्सकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा आता बराच बदलला आहे.

माहितीपटाचा कणा रखमाबाईंचा प्रस्ताव असेल. मी स्वतः तो तयार करते आहे, असे चित्रण सुरुवातीपासून राहील, आणि प्रत्येक टप्प्यावर पुढे काय होते हे दाखवण्यासाठी दुसरे फलक येतील: छाननीसाठी हॉली प्लेस आणि क्रॉमवेल अव्हेन्यू, मजकुरासाठी हे दोन आणि दादाभाई, घडवण्यासाठी कॉर्नवॉलची कार्यशाळा (परवानगी मिळाल्यास), आणि बसवण्यासाठी ज्या फलकाचा दिवस मिळेल तो. किंग हेन्रीज रोडचे घर मी वगळते आहे. तिथला फलक कोणत्या योजनेचा, हा प्रश्न सोडवायचा तर तो माहितीपटाचा वेगळा धागा होईल, आणि तेवढी जागा नाही.

शिवनेरकर, चिरोल खटल्याला निवेदनात जागा दिली आहे. पाच मिनिटांची नाही.

एक प्रश्न शिल्लक आहे. रखमाबाईंचा पत्ता मिळाला नाही किंवा घर पाडलेले निघाले, तर माहितीपट प्रस्ताव अडकला तिथेच थांबवावा, की नंतर दुसऱ्या फलकाचे बसवणे दाखवून पूर्ण प्रक्रिया संपवावी?

---

कात्रीवाला

बसवण्याचे दृश्य मधेच घ्या, शेवटी ठेवू नका. ते शेवटी ठेवले की प्रेक्षकाला वाटते, प्रस्तावाचा प्रवास असाच सुखाने संपतो. रखमाबाईंच्या शोधाचा जो काही निकाल लागेल, तो तारखेसह जसाच्या तसा शेवटी लिहा. पत्ता सापडला आणि प्रस्ताव दाखल झाला, तर संस्थेकडून पोच आल्याचे पत्र दाखवा. मंजुरीची वाट पाहू नका.

---

जुना दफ्तरदार

जनगणनेचा तक्ता मिळाला, तर त्याचे छायाचित्र माहितीपटात वापरण्यासाठी अभिलेखागाराकडून वेगळा परवाना लागेल. वर्गात दाखवणे, महोत्सवात पाठवणे आणि आंतरजालावर ठेवणे यांचे दर वेगवेगळे असतात. आज ना उद्या आंतरजालावर ठेवायचा विचार असेल, तर परवाना पहिल्या वेळीच तसा मागा. आणि आपण जे कागद पाहिलेत आणि ज्यांत काही मिळाले नाही, त्यांचीही यादी प्रस्तावासोबत जोडा. छाननी करणाऱ्याचा पुष्कळ वेळ त्यामुळे वाचतो.